वीस स्लाइड, वीस सेकंद: इंटर्न-रेसिडेंटना शिकवताना पेचाकुचा कसं वापरावं?

वॉर्डातली_वही (धागाकर्ता)

पीजी (पदव्युत्तर) सेमिनारचं नेहमीचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तास साठ मिनिटांचा, स्लाइड नव्वद, पाठ्यपुस्तकातले तक्ते जसेच्या तसे डकवलेले. एपिडेमिऑलॉजीत वीस मिनिटं जातात आणि ज्यासाठी इंटर्न बसलेले असतात ती मॅनेजमेंट (म्हणजे रुग्णाचे उपचार) शेवटच्या पाच मिनिटांत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत उरकली जाते.

यावर एक उपाय म्हणून पेचाकुचा वापरता येतं. आर्किटेक्ट अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी २००३ मध्ये टोकियोत ही पद्धत सुरू केली. डिझाइनवाल्यांच्या हातात माइक गेला की तो सुटत नाही, एवढीच मूळ तक्रार. (आपल्याकडच्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या व्याख्यानांना, बसलेल्यांना ती समजावून सांगायला नको.) वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकते. एकूण ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद. नंतर निघालेला 'इग्नाइट' हा प्रकार वीस स्लाइड आणि पंधरा सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटांचा. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली तीन मिनिटांची प्रबंध स्पर्धा आणखी कडक: एकच स्थिर स्लाइड.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऐकणाऱ्यापेक्षा बनवणारा यातून जास्त शिकतो. वीस सेकंदांत साधारण चाळीस शब्द बसतात, म्हणजे सगळं भाषण आठशे शब्दांच्या आत. पाठ्यपुस्तकाचं बारा पानी प्रकरण आठशे शब्दांत आणताना काय ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला विषय कळावा लागतो. म्हणून गाइडने स्लाइड तपासायच्या आधी 'काय काय गाळलंस आणि का' हे विचारावं. गाळलेल्याची यादी ज्याला देता येत नाही, त्याने बहुधा कुठलं तरी तयार पीपीटी छाटलेलं असतं.

बनवण्याचा क्रम: पहिल्यांदा एक वाक्य लिहायचं, 'हे ऐकल्यावर इंटर्न रात्री दोन वाजता अमुक करेल.' 'हायपरकॅलेमियाची माहिती' हे वाक्य होत नाही. 'पोटॅशियम वाढलंय आणि ईसीजी बदललाय, तर रिपोर्ट पुन्हा पाठवत बसण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेट देईल' हे होतं. मग कोऱ्या कागदावर वीस चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एकच विधान. लॅपटॉप त्यानंतर उघडायचा. आधी उघडला की बारा बुलेटची पहिली स्लाइड तयार झालीच म्हणून समजा.

तुमच्या विभागात यात काय वेगळं करता, ते लिहा.

भूलतज्ज्ञ

चांगला विषय. पण पेचाकुचाचं कौतुक करताना ते कुठे चालत नाही हेही स्पष्ट व्हायला हवं.

जिथे ऐकणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो, तिथे आपोआप सरकणारी स्लाइड नुकसान करते. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी घ्या. पीएच, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, मग अॅनायन गॅप, मग भरपाई अपेक्षेइतकी आहे का, अशा पायऱ्या असतात. एक पायरी चुकली की पुढचं सगळं वाया, आणि स्लाइड काही त्याच्यासाठी थांबत नाही. तीच गोष्ट इन्फ्युजनच्या हिशोबाची आणि एखाद्या आजाराच्या आठ निकषांच्या यादीची. यादी वीस सेकंदांत वाचून होते, डोक्यात शिरत नाही.

चालतं ते असं: एकच निर्णय, एकच हाताची कृती, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक, एक धोक्याची खूण. 'ऑक्सिजन कुठल्या मास्कने द्यावा' छान बसतं. 'एआरडीएस' (फुप्फुसं गंभीरपणे निकामी होण्याचा आजार) हा अख्खा विषय बसत नाही.

आणि डोस असेल तर तो पडद्यावर किमान दोन स्लाइड राहिला पाहिजे. चित्र बदला, कोपऱ्यातला आकडा तोच ठेवा.

वॉर्डातली_वही (धागाकर्ता)

@भूलतज्ज्ञ, पूर्ण सहमत. दोन स्लाइडवर एकच आकडा ठेवायची युक्ती नियमात बसते. तेच चित्र सलग दोनदा लावलं की चाळीस सेकंद मिळतात. वीस चौकोन म्हणजे वीस वेगळे मुद्दे असा अर्थ नाही. बारा-तेरा मुद्दे पुरतात.

एक पूर्ण उदाहरण देतो. ग्रामीण पोस्टिंगला जाणाऱ्या इंटर्नसाठी 'घोणस चावल्याचा संशय: पहिला तास'.

स्लाइड १ आणि २ मध्ये रुग्ण दारात आहे: कधी चावला, कुठे, इथे येईपर्यंत काय काय केलं. शीर्षक, कॉलेजचं बोधचिन्ह, गाइडचं नाव यांत पहिले वीस सेकंद घालवू नका. ते सगळं वेळ सुरू होण्याआधीच्या शून्य क्रमांकाच्या स्लाइडवर. ३ वर घट्ट बांधलेली दोरी: सलाइन, औषधं, माणसं तयार असल्याशिवाय ती एकदम सोडायची नाही. ४ आणि ५ वर खुणा: वाढती सूज, हिरड्यांतून किंवा सुई टोचल्या जागेतून थांबत नसलेलं रक्त, पापणी पडणे.

६ ते ९ या चारही स्लाइड एकाच तपासणीवर खर्च करायच्या, वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर. कारण तालुक्याच्या ठिकाणी निर्णय तिच्यावरच घ्यावा लागतो आणि ती चुकते. कोरडी, स्वच्छ काचेची टेस्टट्यूब, शिरेतून ताजं काढलेलं २ मिली रक्त, खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं न हलवता उभी, मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. चुका तीन ठिकाणी होतात. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त गोठायची क्रिया नीट सुरूच होत नाही. डिटर्जंटने धुतलेल्या काचेचंही तेच. तिसरी चूक म्हणजे मधेमधे हलवून 'झालं का' बघणं. पहिल्या दोन चुकांनी नसलेलं विष दिसतं आणि रुग्णाला उगाच एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) जातं.

१० वर निर्णय: सर्वांगात विष पसरल्याची खूण किंवा वेगाने पसरणारी मोठी सूज असेल तर एएसव्ही, नुसते दाताचे व्रण असतील तर नाही. ११ ते १३ वर डोस: सुरुवातीला दहा व्हायल (कुप्या), प्रत्येक १० मिलीमध्ये विरघळवून, सलाइनमधून साधारण तासाभरात. मुलालाही तेवढ्याच, कारण साप लहान माणसाला कमी विष सोडत नाही. स्किन टेस्ट करायची नाही. रिअॅक्शन येईल की नाही हे तिच्यावरून कळत नाही आणि वेळ जातो. १४ ते १६ रिअॅक्शनसाठी: एएसव्ही थांबवा, प्रौढाला अॅड्रिनॅलिन ०.५ मिग्रॅ मांडीत बाहेरच्या बाजूला स्नायूत, म्हणजे १:१००० च्या अँप्यूलमधला अर्धा मिली. सावरल्यावर एएसव्ही पुन्हा हळू सुरू. रिअॅक्शन आली म्हणून कायमचं बंद करायचं नाही. १७ वर सहा तासांनी पुन्हा तीच ट्यूब. १८ वर स्नायूत उगाच इंजेक्शनं नकोत. १९ वर लघवी मोजा, कारण घोणस किडनीवर जाते आणि डायलिसिसची सोय कुठे आहे हे आधीच माहीत हवं. २० वर पुन्हा पहिल्या स्लाइडवरचा रुग्ण आणि खाली फक्त प्रश्न: 'आता काय करशील?'

चार प्रमुख विषारी सापांची ओळख, विषाचे घटक, एएसव्ही कसं बनतं, हे सगळं गाळलं आहे. मुद्दाम.

तालुका_कॅज्युअल्टी

घोणसचं ठीक. नाग आणि मण्यार यात घुसडू नका, त्यांचा वेगळा भाग करा, कारण तिथे मुख्य प्रश्न श्वासाचा आहे. निओस्टिग्मिन आणि आधी अॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ, हे त्या भागात येईल. नागाचं विष स्नायूवरच्या रिसेप्टरला अडवतं, म्हणून निओस्टिग्मिनने फरक पडतो. मण्यारचं विष मज्जातंतूच्या टोकालाच खराब करतं, तिथे औषधाने फारसं काही होत नाही आणि व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. हा फरक सहा मिनिटांत उत्तम बसतो, दोन विरुद्ध बाजूंची चित्रं काढली की झालं.

मण्यारच्या रुग्णाला दाताचे व्रण दिसतीलच असं नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो. यासाठी एक अख्खी स्लाइड ठेवा आणि तिच्यावर व्रण नसलेल्या पायाचाच फोटो लावा.

पीपीटी_दुरुस्ती_केंद्र

आता यंत्राची बाजू. बहुतेक घोटाळे सेटिंगमध्ये असतात.

पॉवरपॉइंटमध्ये 'ट्रान्झिशन्स' टॅबवर उजवीकडे 'अॅडव्हान्स स्लाइड' असतं. 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढा, 'आफ्टर' समोर ००:२०.०० भरा, 'अप्लाय टू ऑल' दाबा. मग शून्य क्रमांकाच्या स्लाइडवर जाऊन उलट करा, तिथे क्लिकची खूण ठेवा आणि वेळ काढून टाका, म्हणजे वक्ता तयार झाला की एका क्लिकवर घड्याळ सुरू. शेवटी वेळ नसलेली एक काळी स्लाइड जोडा, नाहीतर प्रश्नोत्तरं चालू असताना शो संपून फाइलचा पसारा पडद्यावर येतो. म्हणजे फाइलमध्ये बावीस स्लाइड. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'यूझिंग टायमिंग्ज' निवडलेलं आहे ना, तेही बघा. 'मॅन्युअली' असेल तर सगळं भरूनही स्लाइड हलणार नाही.

नेहमीचा अपघात: सरावासाठी 'रिहर्स टायमिंग्ज' वापरतात, शेवटी 'सेव्ह करू का' विचारलं की हो म्हणतात, आणि सगळे वीस सेकंद पुसून स्वतः बोललेला वेळ बसतो. कुठे ३४ सेकंद, कुठे ९. सराव साध्या स्लाइड शोमध्येच करा.

दुसरा: अॅनिमेशन. वीस सेकंदांची मोजणी स्लाइडवरचं शेवटचं अॅनिमेशन संपल्यावर सुरू होते. सहा सेकंद चालणारे बाण असले की ती स्लाइड सव्वीसची होते. ट्रान्झिशन 'नन' ठेवा. अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फेड वीसदा आला की दहा-पंधरा सेकंद वाढतात. तपासायची सोपी रीत: फाइलचा व्हिडिओ एक्सपोर्ट करा. शून्य आणि शेवटची स्लाइड काढलेल्या प्रतीचा व्हिडिओ बरोबर ६:४० चा हवा. जास्त भरला तर कुठेतरी अॅनिमेशन लपलंय. तीच एमपीफोर फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. हॉलमधल्या संगणकावर जुनी आवृत्ती असली तरी चालते आणि देवनागरी फॉन्टही फुटत नाही. पीडीएफ नेऊ नका, त्यात वेळा राहत नाहीत.

गूगल स्लाइड्समध्ये 'पब्लिश टू वेब' केलं तर पंधरा सेकंद मिळतात, तीस मिळतात, वीस मिळत नाहीत. लिंकमधल्या 'डिलेएमएस'पुढचा आकडा हाताने २०००० करावा लागतो. पण तशी लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, तेव्हा रुग्णाचे फोटो असतील तर हा रस्ता नको.

मधेच थांबवायची वेळ आली तर कीबोर्डवर इंग्रजी 'एस' दाबा, पुन्हा दाबलं की चालू. ही कळ मॉडरेटरला माहीत हवी, वक्त्याला नाही सांगितली तरी चालेल. :)

क्षकिरण

वरच्या फोटोंच्या मुद्द्याला जोडून. एक्स-रेवर कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि नंबर असतो, तो पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केला की गेला असं लोक समजतात. जात नाही. क्रॉप फक्त लपवतं, फाइल ज्याच्याकडे जाईल तो 'क्रॉप' दाबून सगळं परत बघू शकतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' करा, किंवा त्याहून बरं म्हणजे चित्र बाहेरच कापून नव्याने सेव्ह करा. नावावर काळा चौकोन काढणं तर मुळीच नको, तो माउसने उचलून बाजूला ठेवता येतो. चेहरा किंवा गोंदण दिसत असेल तर लेखी संमती घ्या. हातावर गोंदलेलं नाव लोक हमखास विसरतात.

चित्र दाखवायची रीत: एक्स-रे आला की पहिले पाच सेकंद वक्त्याने गप्प बसायचं. पडद्यावर नवं चित्र आल्याबरोबर बोलायला लागलं की ऐकणारा ना धड बघतो ना ऐकतो. दोन स्लाइडची जोडी करा, पहिलीवर नुसती फिल्म, दुसरीवर तीच फिल्म आणि बाण. अॅनिमेशनची गरजच उरत नाही. सीटीचे एकामागून एक काप दाखवायचे असतील तर पेचाकुचा विसरा. तिथे माउस हातात घेऊन स्क्रोल करायला शिकवावं लागतं. अल्ट्रासाउंड किंवा इकोची क्लिप चालते, मात्र तीन-चार सेकंदांची, लूपवर, आवाज बंद, 'ऑटोमॅटिकली' सुरू होणारी.

आंतरवासी_२४तास

ऐकणाऱ्यांच्या बाजूने एक शंका. स्लाइड इतक्या पटापट जातात की नोट्स काढता येत नाहीत. फोटो काढायला मोबाइल वर केला तोवर पुढची आलेली असते. आणि संपल्यावर सगळं कळलं असं वाटतं, पण राउंडला विचारलं की पाटी कोरी.

फार्मा_मास्तर

@आंतरवासी, शंका रास्त आहे. झरझर आणि नीटस सांगितलेलं ऐकलं की समजल्याचा भास होतो. म्हणून सहा मिनिटं चाळीस सेकंद हा सत्राचा निम्माच भाग धरायचा.

उरलेला निम्मा असा: संपल्याबरोबर पडदा काळा. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कोरा कागद. तीन प्रश्न, पाठ न बघता दोन मिनिटांत लिहायचे. वरच्या घोणसच्या उदाहरणात: ट्यूब कसली आणि रक्त किती, मुलाला किती व्हायल, रिअॅक्शन आल्यावर पहिली कृती कोणती. मग शेजाऱ्याशी अदलाबदल, एक मिनिट. मग वक्ता उत्तरं सांगतो आणि जिथे वर्ग चुकला तीच स्लाइड पुन्हा उघडतो, या वेळी घड्याळाशिवाय. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने ते जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगातून दाखवलेलं आहे. आठवड्याने तेच तीन प्रश्न राउंडवर न सांगता विचारा.

नोट्सचं काम एका पानाच्या हँडआउटवर सोपवा: डोस, शिवाय भूलतज्ज्ञांनी स्लाइडवर नको म्हटलेले निकष आणि हिशोब. हे पान भाषणानंतर वाटायचं. आधी दिलं तर सगळ्यांच्या माना खाली. आणि स्लाइडच छापून वाटू नका. नीट केलेल्या पेचाकुचाच्या स्लाइडवर बोलणाऱ्याशिवाय काहीच अर्थ लागत नाही, लागायलाही नको.

तासाचं गणित: तीन वक्ते म्हणजे बरोबर वीस मिनिटं. प्रत्येकामागे आठ मिनिटं कागद आणि चर्चा धरली की चव्वेचाळीस. बदलाबदली आणि उशिरा येणारे धरून तास भरला. चौथा वक्ता घुसवला की चर्चाच कापली जाते. सापाच्या सत्रात आणखी एक करता येतं. तिन्ही भाषणं सलग ठेवा आणि सुरुवातीलाच टेबलावर वीस मिनिटांचा टायमर लावा. तिसरं भाषण संपताना तो वाजतो. ट्यूब न हलवता ठेवायची म्हणजे किती वेळ, हे मुलांना तेव्हा नीट कळतं.

शुद्धलेखन_नको_भाषा_बघा

बोलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडे स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. त्याला हरकत नाही. पण मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच. 'दोरी सलाइन लावल्याशिवाय एकदम सोडू...' इथे स्लाइड बदलली की वक्ता गडबडतो आणि 'नका' गिळतो. धोक्याची सूचना असेल तर वाक्य तोडा: 'दोरी सोडू नका. आधी सलाइन.' पहिल्या चार शब्दांत काम झालं पाहिजे.

आणि चाळीस शब्दांची जागा असेल तिथे बत्तीसच लिहा. आधी श्वास घ्यायला दोन सेकंद, शेवटी दोन सेकंद शांतता. एका स्लाइडवर मागे पडलात तर पुढचीवर भरपाई करू नका; राहिलेलं सोडा आणि पडद्यावर जे आहे त्यापासून सुरू करा. पाठांतर केलेला माणूस नेमका इथे अडकतो, त्याला एक वाक्य सोडून पुढे जाता येत नाही. म्हणून उतारा पाठ करण्याऐवजी प्रत्येक स्लाइडचा पहिला शब्द पाठ करावा.

जुना_एक्झामिनर

वाचनखूण साठवली. फक्त एक खटकतं. वीस गुणिले वीस हा आकडा आर्किटेक्ट लोकांचा, त्याला वैद्यकशास्त्राचा काही आधार नाही. पॅथॉलॉजीच्या स्लाइडला चाळीस सेकंद लागतात, तिथे दहा गुणिले चाळीस केलं तर बिघडलं कुठे? एकूण तेवढंच होतं. विभागाने एकदा ठरवावं आणि सगळ्यांना तेच लावावं. वक्त्यागणिक सवलत सुरू झाली की दोन महिन्यांत पुन्हा नव्वद स्लाइड.

दुसरं, गुण देणार असाल तर सफाईला देऊ नका. इंग्रजी माध्यमातला, स्टेजवर वावरलेला मुलगा तिथे आपोआप पुढे जातो. मी चार गोष्टी धरेन: संदेश एकच आहे का, वैद्यकीय चूक आहे का, चित्र आणि बोलणं जुळतं का, आणि श्रोत्यांच्या कागदांवर उत्तरं बरोबर आली का. शेवटच्याला सर्वांत जास्त गुण. वैद्यकीय चूक असेल तर बाकी काहीही असो, पुन्हा सादर करायला लावा. वेळेत बसवण्यासाठी 'कॉन्ट्राइंडिकेशन' (औषध कधी देऊ नये ते) गाळलेलं असतं, असं बऱ्याचदा दिसेल.

आणि हे पीजीच्या सेमिनारची जागा घेणार नाही. एका विषयावर तासभर उभं राहून प्रश्न झेलायची सवय परीक्षेलाही लागते आणि पुढेही. याला इंटर्नच्या पोस्टिंगचा पहिला आठवडा, सकाळची रिपोर्टिंग, जर्नल क्लबमधला (संशोधन-लेखांच्या चर्चेतला) एक पेपर, अशी ठिकाणं द्या.

वॉर्डातली_वही (धागाकर्ता)

@जुना_एक्झामिनर, दहा गुणिले चाळीस मान्य, पॅथॉलॉजी आणि त्वचारोगासाठी तेच ठेवू. जर्नल क्लबचं मात्र जपून. पेपरचा प्रश्न, रुग्ण कोण होते, मुख्य निकाल आणि एक मोठी उणीव एवढंच सहा मिनिटांत येतं. आकडेवारीची चिरफाड नंतर टेबलावर पेपर ठेवूनच करावी लागेल.

@पीपीटी_दुरुस्ती_केंद्र, एक विचारायचं होतं: दहा-चाळीससाठी 'आफ्टर'मध्ये ००:४०.०० भरायचं, बाकी सगळं तेच ना?

पीपीटी_दुरुस्ती_केंद्र

हो. फक्त जुन्या फाइलमधून स्लाइड चिकटवल्या तर त्या आपली जुनी वेळ घेऊन येतात. सगळं चिकटवून झाल्यावर पुन्हा एकदा 'अप्लाय टू ऑल', आणि त्यानंतर शून्य व शेवटची स्लाइड हाताने दुरुस्त.